आधी उजेड, मग लेन्स: मुंबईत कमी खर्चात कीटकांचे क्लोजअप फोटो

आमच्या मुलुंडच्या घरात स्वयंपाकघराच्या ग्रिलमध्ये कढीपत्त्याची एक कुंडी आहे. आईने फोडणीसाठी लावलेली. एका जुलैत तिची पानं कडेकडेने कुरतडलेली दिसली. एका पानावर पक्ष्याची शीट पडली होती, म्हणून फडकं घेऊन पुसायला गेले, तर ती शीट हळूच पुढे सरकली. लाइम बटरफ्लाय नावाच्या फुलपाखराची ती अळी होती. मी फोन अगदी तिच्या तोंडाशी नेला आणि ओळीने चाळीस फोटो काढले. चाळीसच्या चाळीस धूसर.

त्यानंतर वर्षभर मी या छंदावर पैसे घालवले, आणि तेही नेमके उलट्या क्रमाने. आधी भिंगं, मग ट्रायपॉड, मग आणखी भिंगं, आणि सगळं करून थकल्यावर शंभर रुपयांच्या आत झालेला पांढऱ्या फोमचा एक तुकडा. फोटोंमध्ये खरा फरक पडला तो त्या तुकड्याने. तेव्हा मला कुणी योग्य क्रम सांगितला असता तर बरेच पैसे वाचले असते. तो क्रम इथे लिहिते आहे. महागडी मॅक्रो लेन्स यात कुठेच येणार नाही.

आधी मॉडेल शोधा

कीटक शोधायला जंगलात जावं लागतं हा पहिला गैरसमज. मुंबईच्या खिडकीत चार कुंड्या ठेवल्या की कीटक पत्ता विचारत येतात. कढीपत्ता किंवा लिंबू असेल तर लाइम आणि कॉमन मॉरमन ही फुलपाखरं अंडी घालतात. पानफुटीवर रेड पिअरो येतं. त्याची अळी पानाच्या आत शिरून गर खाते, त्यामुळे पान उन्हाकडे धरलं की आतली अळी सावलीसारखी दिसते. रुईचं झाड सोसायटीच्या कंपाउंडला आपोआप उगवतंच, त्यावर प्लेन टायगर. जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण आणि मावा असतो, त्यांच्यामागे मुंग्या आणि लेडीबर्ड. आई ज्याला रोग म्हणते त्याला मी स्टुडिओ म्हणते. यावरून घरात वाद होतात. शेवटी अर्धी जास्वंद माझ्या नावावर झाली आणि तिच्यावर औषध मारायचं नाही असं ठरलं.

कढीपत्त्याची कुंडी नवशिक्यासाठी सगळ्यात उत्तम, कारण अळी पळत नाही. मोहरीएवढं पिवळसर अंडं, मग शीटेसारखी दिसणारी लहान अळी, मग हिरवीगार मोठी अळी, मग कोष. हा सगळा प्रवास महिनाभराच्या आसपास आटोपतो. मोठ्या अळीला डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दुहेरी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. फोटोसाठी मुद्दाम डिवचू नका, कुंडीला पाणी घालताना धक्का लागला तरी ती हे नाटक करते. तेवढ्यात फोटो काढा.

पहिला महिना फक्त बघा. रोज सकाळी चहाच्या कपाबरोबर दहा मिनिटं. कोण कुठल्या पानाखाली बसतं, ऊन कितीला येतं, मुंग्यांची रांग कुठून जाते. याला खर्च शून्य आहे, आणि नंतरच्या कुठल्याही लेन्सपेक्षा हे जास्त कामाला येतं.

हातातला फोन

फोनवर मॅक्रो नावाचा वेगळा कॅमेरा असेल आणि तो २ मेगापिक्सेलचा असेल तर त्याला विसरा. तो जाहिरातीसाठी दिलेला असतो. महाग फोनमध्ये अल्ट्रावाइड कॅमेराच जवळून फोकस करतो, तो बरा असतो, पण फोन इतका जवळ न्यावा लागतो की त्याची सावलीच मॉडेलवर पडते.

खरा उपाय म्हणजे क्लिपवाली मॅक्रो लेन्स. साधारण तीन-चारशे रुपयांपासून मिळते, हजार-दीड हजारात चांगली येते. घेताना किती पट मोठं दिसतं हे विचारू नका, किती अंतरावरून फोकस होतं ते विचारा. दोन सेंटिमीटरवर फोकस होणारी लेन्स माशीसाठी निरुपयोगी. चार-पाच सेंटिमीटर अंतर मिळालं तर थोडी तरी संधी असते. लावताना फोनचं कव्हर काढा, लेन्स मुख्य कॅमेऱ्यावर बरोबर मध्ये बसवा आणि सेटिंगमध्ये जाऊन ऑटो मॅक्रो बंद करा. हे शेवटचं विसरलं की फोन परस्पर दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि आपण क्लिपला शिव्या देतो.

याहून स्वस्तात करायचं तर घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग. दहा पटीचं असेल तर फोकस साधारण अडीच सेंटिमीटरवर होतो. ते दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने फोनवर बसवा. कडा धूसर येतील, मधला भाग चांगला येतो, म्हणून किडा मध्ये ठेवून नंतर फोटो कापून घ्यायचा. फोनच्या लेन्सवर पाण्याचा थेंब ठेवायची युक्तीही चालते, पण ती मुलांना गंमत दाखवण्यापुरती. फोन जरा कलला की थेंब चार्जिंगच्या भोकात.

फोन हातात धरून बटण दाबलं की धक्का बसतो. वायरचे जुने इअरफोन असतील तर बऱ्याच फोनवर त्यांचं आवाजाचं बटण शटरसारखं चालतं. नाहीतर दोन सेकंदांचा टायमर लावा. फोन कुंडीच्या काठावर टेकवा. काठ बुटका पडत असेल तर खाली डबा ठेवा. माझा पहिला ट्रायपॉड म्हणजे उपड्या ठेवलेल्या कुंडीवर पोह्यांचा डबा.

पट्टीची परीक्षा

पुढे जाण्याआधी शाळेतली पट्टी काढा आणि आपल्या कॅमेऱ्याने जितक्या जवळून फोटो निघतो तितक्या जवळून तिचा फोटो काढा. फोटोच्या रुंदीत किती मिलिमीटर मावले ते मोजा. डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यात, सर्वसाधारण एपीएस-सी आकाराचा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) असेल तर तो सुमारे २३ मिलिमीटर रुंद असतो. फोटोत पट्टीचे २३ मिलिमीटर दिसले तर तुम्ही एकास एक प्रमाणावर पोहोचलात, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढाच उमटतो. यालाच मॅक्रो म्हणतात. ४६ दिसले तर निम्म्यावर, साडेअकरा दिसले तर दुप्पट.

या परीक्षेचा फायदा असा की गरज नसताना पैसे जात नाहीत. बसलेलं फुलपाखरू पंखांसकट टिपायचं तर निम्मं प्रमाण पुरतं. लेडीबर्डला एकास एक हवं. मुंगीच्या चेहऱ्याला दुप्पट किंवा जास्त. तुम्हाला मुंगीचा चेहरा हवाय की फुलपाखरू, हे आधी स्वतःला विचारा.

कपाटातला जुना कॅमेरा

बऱ्याच घरांत दहा-बारा वर्षांपूर्वी लग्नाच्या किंवा बारशाच्या निमित्ताने घेतलेला डीएसएलआर पडून असतो, बरोबर १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबतच मिळणारी झूम लेन्स. तोच काढा. नसेल तर जुना विकत घ्या. फोर्टात डी. एन. रोड आणि बोरा बाजारच्या आसपास कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे विचारपूस करून हातात घेऊन बघता येतं. लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी, परत ठेवा. कॅमेऱ्याची बॉडी बघताना अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक; एफचा आकडा जितका मोठा, तितकं ते लहान) एफ १६ वर नेऊन पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग त्यात दिसतात.

आता त्या लेन्सला जवळचं दाखवायचे तीन स्वस्त मार्ग आहेत.

पहिला, लेन्स उलटी लावणं. यासाठी रिव्हर्स रिंग मिळते, दोनशे ते पाचशे रुपयांच्या आसपास. एका बाजूला लेन्सचे आटे, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याचं माउंट. लेन्सच्या पुढच्या कडेवर लिहिलेला व्यास बघून तीच रिंग घ्या, १८-५५वर तो बहुधा ५२, ५५ किंवा ५८ मिलिमीटर असतो. उलट्या लेन्सची गंमत अशी की झूम जितका वाइड, तितकं मोठं दिसतं. १८वर मुंगीचा चेहरा फोटोभर येतो, ५५वर लेडीबर्ड आरामात बसते. डीएसएलआरच्या कुठल्याही लेन्सवर किड्यापासूनचं अंतर मात्र साधारण चार-साडेचार सेंटिमीटरच राहतं. अळीला ते चालतं. माशीला नाही.

एक अडचण येते. लेन्सचा आणि कॅमेऱ्याचा संपर्क तुटतो, त्यामुळे अ‍ॅपर्चर बदलता येत नाही. कॅननवर युक्ती अशी: लेन्स सरळ लावलेली असताना अ‍ॅपर्चर एफ ८ किंवा ११ ठेवा, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरा आणि ते दाबलेलं असतानाच लेन्स फिरवून काढा. लेन्समधलं भोक लहान-मोठं करणारी पाती त्याच जागी राहतात. निकॉनच्या जी लेन्सवर मागे एक छोटी पट्टी असते, ती सोडली की पाती पूर्ण मिटतात आणि काहीच दिसत नाही. कागदाची लहान घडी घालून ती पट्टी अर्धवट उघडी अडकवून ठेवायची. सगळ्यात सोपं म्हणजे अंगठीसारखी अ‍ॅपर्चर रिंग असलेली जुनी ५० मिलिमीटर लेन्स. आजोबांच्या फिल्म कॅमेऱ्यावर असेल तर सोनंच. ती उलटी लावली की जवळजवळ एकास एक मिळतं. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्याच्या किट लेन्सवर हा प्रकार करू नका, तिचा फोकस आणि अ‍ॅपर्चर दोन्ही विजेवर चालतात, आणि उलटी केल्यावर किडा काचेला चिकटेल इतकं अंतर कमी होतं. त्या कॅमेऱ्यावर अडॅप्टर लावून जुनी हाती फिरवायची लेन्सच उत्तम.

उलट्या लेन्सचा मागचा नाजूक भाग आता बाहेर येतो, हे मला एका पावसाने शिकवलं. गोरेगावच्या आरेत झाडाखाली उभी होते, फांदी हलली, पाण्याचे चार थेंब थेट मागच्या काचेवर. तेव्हापासून लेन्सच्या मागच्या झाकणाचा तळ कापून काढलाय आणि ती कडी तशीच वर बसवते. कपाळावर हात ठेवतो तशी ती आडोसा करते.

दुसरा मार्ग एक्स्टेन्शन ट्यूब. आत काच नसलेले पोकळ नळकांडे, ते लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसतात. साधे पाचशेच्या आसपास मिळतात, आणि विजेचे संपर्क असलेले दीड ते साडेतीन हजारांत. संपर्क असलेलेच घ्या, अ‍ॅपर्चरची कटकट वाचते. ५० मिलिमीटर लेन्सवर ५० मिलिमीटर लांबीच्या ट्यूब लावल्या की एकास एक. हिशोब सोपा आहे: ट्यूबची लांबी भागिले लेन्सवर लिहिलेले मिलिमीटर. किट लेन्सच्या १८च्या टोकाला मात्र ट्यूब लावू नका, फोकस काचेच्या आत जाऊन पडतो.

तिसरा मार्ग माझा लाडका. झूम लेन्सच्या पुढे लावायचं चांगल्या प्रतीचं क्लोजअप भिंग. रेनॉक्सचं डीसीआर-२५० हे ८ डायॉप्टर ताकदीचं भिंग ५२ ते ६७ मिलिमीटर व्यासाच्या लेन्सवर चिमट्यासारखं बसतं. ५५-२५० झूमच्या २५० टोकाला ते सुमारे दुप्पट मोठं दाखवतं, आणि किडा तरीही बारा सेंटिमीटर लांब राहतो. त्याचाच भाऊ डीसीआर-१५०, ४.८ डायॉप्टरचा, वीस सेंटिमीटरवरून काम करतो आणि फुलपाखरांना जास्त सोयीचा. यांना काही हजार मोजावे लागतात, म्हणून हे तिसऱ्या क्रमांकावर. पण झूम घरात असेल तर ट्यूबपेक्षा मी यात पैसे घालीन. बारा सेंटिमीटर म्हणजे किड्याला तुमचा श्वास लागत नाही.

उजेड, उजेड आणि उजेड

आता मुख्य गोष्ट. इतक्या जवळ गेल्यावर फोकसमध्ये येणारी जाडी हास्यास्पद असते. एकास एक प्रमाणावर, एफ ११ला, ती मिलिमीटरच्या आत. म्हणजे माशीचा एक डोळा स्वच्छ असला तर दुसरा धूसर असू शकतो. अ‍ॅपर्चर आणखी बंद करावं तर उजेड कमी, आणि जवळ गेल्यामुळे मुळातच कमी झालेला असतो: एकास एकला एफ ८ हा प्रत्यक्षात एफ १६सारखा वागतो. वर किडा हलतो, वारा असतो, आपला हातही स्थिर नसतो. मुंबईच्या पावसाळ्यात तर दुपारी बारालाही संध्याकाळ असते. या सगळ्यावर एकच औषध आहे, फ्लॅश. आणि फ्लॅशचा जालीम दुष्परिणाम असा की भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा चट्टा येतो आणि फोटो पोलीस ठाण्यातल्या नोंदीसारखा दिसतो.

म्हणून फ्लॅश आणि किड्यामध्ये मोठा, पांढरा, मऊ पडदा हवा. किड्याच्या नजरेने बघा: त्याला वरून एक ढग दिसला पाहिजे, बल्ब नाही.

माझा पडदा असा बनवलाय. नवीन टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यात येतो तो दोन-तीन मिलिमीटर जाडीचा पांढरा फोम घ्या. घरी नसेल तर अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या आसपास पॅकिंगच्या दुकानात मीटरवर मिळतो. ए४ कागदाएवढा तुकडा कापा. खालच्या तिसऱ्या भागात लेन्सच्या व्यासापेक्षा थोडं लहान गोल भोक पाडा, म्हणजे तो लेन्सवर घट्ट बसेल. मागच्या बाजूला पारदर्शक फाइलच्या कव्हरचा तुकडा टेपने चिकटवा, नाहीतर पाच मिनिटांत फोम मान टाकतो. आता तो लेन्सच्या टोकाशी चढवा. वरचा भाग कॅमेऱ्याच्या उघड्या फ्लॅशसमोर उभा राहील. त्या वरच्या भागाला थोडा पुढे बाक द्या, जणू किड्यावर छप्पर धरलंय. झालं. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश असेल तर सगळा खर्च फोमपुरता.

फ्लॅश नसलेल्या कॅमेऱ्यासाठी स्वस्तातला छोटा मॅन्युअल फ्लॅश घ्या, अडीच ते पाच हजारांच्या दरम्यान मिळतो. फार ताकदीचा नको, किडा वीतभर अंतरावर आहे, लग्नाचा हॉल उजळायचा नाहीये. फिल्मच्या काळातले जुने फ्लॅश मात्र डोळे मिटून घेऊ नका. त्यांतल्या काहींचा ट्रिगर व्होल्टेज इतका जास्त असतो की डिजिटल कॅमेऱ्याला इजा होऊ शकते. फ्लॅश कॅमेऱ्याच्या वर बसवला तर चिप्सची उभी पुठ्ठ्याची नळी त्याला पुढपर्यंत पोहोचवते: आतून चकचकीत असते, एक टोक फ्लॅशवर, दुसरं कापून खाली झुकवलेलं आणि त्यावर ट्रेसिंग पेपरचे दोन थर.

सेटिंग सुरुवातीला हीच ठेवा. मोड मॅन्युअल, शटर १/१६० किंवा १/२०० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) २००, एकास एकला एफ ८ ते ११, दुप्पट मोठ्याला एफ ५.६ ते ८. फ्लॅशची ताकद पूर्ण ताकदीच्या १/१६. फोटो काळा आला तर १/८, पांढरा आला तर १/३२. बस. कमी ताकदीवर फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कितीतरी लहान असतो, त्यामुळे हात हलला तरी फोटो गोठून येतो. ट्रायपॉड घरीच राहिला तरी चालतो. माझा सध्या कपडे वाळत घालायला वापरला जातो.

फ्लॅशच्या फोटोत मागची बाजू काळीकुट्ट येते, कारण उजेड मागपर्यंत पोहोचत नाही. ते नको असेल तर किड्याच्या मागे वीतभर अंतरावर एखादं मोठं पान येईल अशी जागा बदला. फोनवाल्यांनी पांढरा कार्डशीट एका बाजूला धरावा आणि थेट उन्हात ट्रेसिंग पेपरची सावली करावी. स्टीलचं ताट वापरू नका, मी करून बघितलंय, अळीच्या पाठीवर डिस्को लाइट पडतो.

हात, श्वास आणि फोकस

ऑटोफोकस बंद. लेन्सवर हवं ते प्रमाण ठरवा आणि मग फोकसची रिंग विसरून जा. पूर्ण शरीर हळूच पुढे नेत डोळा स्वच्छ दिसला की बटण दाबा. पुढे-मागे डुलत, प्रत्येक डुलकीत दोन-तीन फोटो. पन्नासातले तीन चांगले आले तर दिवस सार्थकी.

डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने काडी धरा आणि त्याच हाताच्या मुठीवर लेन्स टेकवा. आता काडी हलली तरी लेन्सही तिच्याबरोबर हलते. वाऱ्याच्या दिवसात याहून मोठी युक्ती नाही. काडी धरायच्या आधी तिच्यावर ओंबील, म्हणजे लाल झाडमुंग्या, नाहीत ना ते बघा. मी नव्हतं बघितलं. त्या मानेत पडल्या की कॅमेरा सांभाळायचा की स्वतःला, हा निर्णय फार झटकन घ्यावा लागतो.

वरून खाली फोटो काढू नका, किडा पोस्टाच्या तिकिटासारखा सपाट दिसतो. त्याच्या डोळ्याच्या पातळीवर या. फुलपाखराचे पंख मिटलेले असतील तर उलट करा: सेन्सर पंखांना समांतर ठेवा, म्हणजे पातळ फोकसमध्ये पूर्ण पंख सापडतो.

आणि सवयी ओळखा. चतुर उडाला तरी बहुतेक वेळा त्याच काडीवर परत येतो, म्हणून मागे धावू नका, तिथेच थांबा. निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्या संध्याकाळी काडीला जबड्याने घट्ट धरून रांगेत झोपतात. संध्याकाळी ती काडी हेरून ठेवा आणि उजाडताच जा. उडी मारणारा कोळी तर स्वतःहून वळून कॅमेऱ्याकडे टकामका बघतो. कोळी कीटक नाही, आठ पाय आहेत, पण इतकं सहकार्य करणारं मॉडेल मी तरी सोडत नाही.

मुंबईत कुठे

कुंडीतून बाहेर पडल्यावर पहिली जागा माझ्या मते धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. एकेकाळी कचराभूमी होती हे आता सांगूनही पटत नाही. मिठी नदीच्या काठी, शीव स्टेशनवरून जाता येतं, वाटा सोप्या आणि फुलपाखरांची झाडं भरपूर. भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद असते, बाकी दिवशी मोठी झाडं आणि जुनी झुडपं यांच्यात सकाळ छान जाते.

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे खरं मैदान. सोमवारी बंद. पाऊस थांबून ऊन पडलं की कान्हेरीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेच्या ओल्या मातीवर फुलपाखरं चिखलपान करायला बसतात आणि त्या नादात माणसाला बऱ्याच जवळ येऊ देतात. निळा-काळा ब्लू मॉरमन, म्हणजे राणी पाकोळी, २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे, तोही तिथे भेटतो, पण थांबत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात खुळखुळा नावाच्या रानझुडपाच्या वाळक्या भागांवर टायगर फुलपाखरांची गर्दी होते. गोरेगावला चित्रनगरीच्या बाजूला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं (बीएनएचएस) शिक्षण केंद्र आहे, आणि ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर ओवळेकर वाडीची फुलपाखरांची बाग. दोन्हीकडे वेळा विचारूनच निघा.

वेळ सकाळी सात ते साडेनऊ. त्यानंतर कीटक तापतात आणि आपणही. ऋतू म्हणाल तर जूनच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत, त्यातही पाऊस ओसरतानाचे आठवडे. पहिल्या सरींनंतर मातीत मखमली लाल मृगाचे किडे दिसले तर बाकी सगळं सोडून आधी ते.

उद्यानात आणि आरेत एक गोष्ट गांभीर्याने घ्या: बिबट्या. पहाटे किंवा अंधार पडताना एकट्याने झुडपाशी ओणवं बसू नका. बसलेला माणूस उंचीने लहान दिसतो. दुसऱ्याला बरोबर न्या, तो उभा राहून आजूबाजूला बघेल. पावसाळ्यात पाचोळ्यात हात घालू नका, फुरसं आणि घोणस पाचोळ्याच्याच रंगाचे असतात. केसाळ आणि काटेरी अळ्यांना बोटही लावू नका. घोणस अळीच्या नावाने शेतकरी का घाबरतात ते एकदा डंख लागला की कळतं. डासांचं मलम लावा, पण हात पुसून मगच लेन्सला हात लावा.

फ्रिजमध्ये ठेवून किडा सुस्त करणं, गोंदाने चिकटवणं, कोष तोडून घरी आणणं, हे प्रकार होतात आणि फोटोत ओळखूही येतात. काही फुलपाखरं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आहेत, राष्ट्रीय उद्यानातून तर साधं पानही उचलायचं नाही. पान वळवून बघितलंत तर परत तसं करून ठेवा, खाली कुणाची तरी अंडी असतात.

लोक विचारतात, त्याची तयारी ठेवा. आमच्या सोसायटीच्या भिंतीशी मी वाकून बसलेली बघून दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "अगं, काही हरवलंय का?" मी स्क्रीनवर तुडतुड्याचा चेहरा दाखवला. ते खाली आले, चष्मा वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "हा इथे राहतो? मेंटेनन्स भरतो का?" आता नवीन काही दिसलं की तेच फोन करतात.

घरी आल्यावर

कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले, फोटो काढत असाल तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, फोनवर स्नॅपसीड पुरतं. थोडं कापा, सावल्या थोड्या उचला, डोळ्यावर जराशी धार द्या. एवढंच. हिरवा रंग वाढवायचा मोह आवरा, पान प्लॅस्टिकचं दिसायला लागतं.

किडा झोपलेला असेल तर फोकस थोडा थोडा पुढे सरकवत दहा-पंधरा फोटो काढून संगणकावर एकत्र जोडता येतात. पिकोले नावाचं मोफत सॉफ्टवेअर हे काम करतं. पहिल्या सहा महिन्यांत याच्या नादी लागू नका. आधी एक फोटो नीट यायला हवा.

मुंबईची हवा काचेची शत्रू आहे. माझी जुनी ५० मिलिमीटर लेन्स एका पावसाळ्यात कपाटात चामड्याच्या पाऊचमध्ये राहिली, गणपतीत उघडली तर आत बुरशीची नक्षी. आता सगळं सामान स्वयंपाकघरातल्या हवाबंद डब्यात असतं, बरोबर निळ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा पिऊन थकले, मंद आचेवर कोरड्या जुन्या कढईत परतले की पुन्हा निळे होतात. ती कढई स्वयंपाकाला परत वापरायची नाही, आणि खिडकी उघडी ठेवायची. पावसातून आल्यावर कॅमेरा लगेच डब्यात टाकू नका, तासभर पंख्याखाली ठेवून मग.

फोटो काढला आणि नाव कळलं नाही तर आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या ओळख पटवून देणाऱ्या वेबसाइटवर टाका. त्यासाठी एकच सुंदर फोटो पुरत नाही. वरून एक, बाजूने एक, चेहऱ्याचा एक आणि ज्या झाडावर बसला होता त्याच्या पानाचा एक, असे चार काढून ठेवा. पानाचा फोटो सगळे विसरतात, आणि अळीचं नाव बहुतेक वेळा त्याच पानावरून लागतं.